तीनशे बारावर

नागदेवी स्ट्रीटला हुझेफाभाईंच्या दुकानात
बसायला जागा नाही, उभं राहायलाही बेताचीच.
कमरेएवढे बेअरिंगांचे खोके, तेलकट कागद,
गल्ल्यापाशी लोबानाचा वास,
आणि मी, चौथ्यांदा, वहीतलं तेच चित्र घेऊन.

"गोल रॉड घ्या ना, बाई.
खाली अ‍ॅल्युमिनियमचा आधार येतो. लाकूडच कापायचंय ना?
चौकोनी रेल लोखंडवाल्यांना.
तुमच्या सागवानाला काय कळतंय?"

सागवानाला कळतं, भाई.
'ळ'चा दुसरा वेढा घेताना कटर उलटा फिरतो
आणि त्या वळणावर सगळा स्वस्तपणा
अक्षरात उतरतो.
केसाएवढाच. पण एकदा दिसला
की पाटीवर दुसरं काही दिसत नाही.

दिवसा मी पाणी खात्यात मीटरचे आकडे भरते.
कोणाच्या घरात किती गेलं, किती गळलं.
रात्री काळाचौकीच्या खोलीत
पलंग भिंतीला उभा करून मोजते:
सहाशे मिलिमीटर. त्याहून लांब मशीन केलं
तर विश्रामला झोपायला जिन्यात जावं लागेल.
तो म्हणतो, जाईन. पण त्याचा आवाज मी ओळखते.

स्क्रूचं आणखी वेगळं.
साध्या आट्यांचा घ्यावा तर नटात प्ले.
मोटर उलटी फिरली की आधी काहीच होत नाही,
आमच्या चाळीच्या सेक्रेटरीसारखं:
ऐकलं लगेच, हलणार नंतर.
बॉल स्क्रूला हा आजार नाही.
बॉल स्क्रूची किंमत मी दोनदा विचारली,
दुसऱ्यांदा ती कमी झाली नव्हती.

मग भाईंनी मागून एक जोडी काढली.
भिवंडीत मोडलेल्या एम्ब्रॉयडरी मशीनची, जपानी,
निम्म्या दरात.
मी ठोकळ्याला बोटाचं टोक लावलं.
तो निघाला, बिनआवाज,
पलीकडून कोणी हाक मारल्यासारखा,
आणि एका जागी
टुक.

भाई पंख्याकडे बघायला लागले.
मी नख फिरवलं. रव्याच्या कणाएवढा खड्डा.
कधीतरी कोणाच्या हातून पान्हा पडला असेल,
रात्रपाळीत, कोणाला न सांगता.
"आणखी तीनशे कमी," भाई पंख्यालाच म्हणाले.

घेतल्या.
टॅक्सीत मांडीवर आडव्या, जुन्या चादरीत.
वाचलेल्या पैशांत बॉल स्क्रू नवा, एकच;
दुसऱ्या अक्षाने पुढच्या बोनसपर्यंत थांबावं.

दोन रेल समांतर लावायला अकरा रात्री गेल्या.
आयटीआयच्या फर्नांडिस सरांचा डायल गेज,
त्याचा काटा माझ्या श्वासानेसुद्धा हलायचा,
म्हणजे मला तसं वाटायचं.
एका टोकाखाली चहाच्या पुड्यातली चांदी,
एकेरी घातली तर कमी, दुहेरी घातली तर जास्त.
शेवटी एकेरीच ठेवली आणि बोल्ट
पाव फेरा कमी आवळला.
हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही
आणि सरांना मी सांगितलेलं नाही.

इथली हवा खारी. दोन दिवस ग्रीस विसरलं
तर पोलादावर चहाचे डाग उठतात.
म्हणून झोपण्याआधी देवाला नमस्कार
आणि रेलला बोट.

पहिली पाटी तळमजल्यावरच्या गोंधळेकरांची.
टुक कुठे येतं ते आता पाठ होतं,
डावीकडून तीनशे बारावर,
आणि तीनशे बारावर नेमका
त्यांच्या आडनावातला 'ळ'.
लाकूड बाजूला सरकवलं, तिथे 'र' आला.
आणखी सरकवलं.
शेवटी नाव आणि आडनाव एकमेकांपासून
बोटभर दूर केलं
आणि तो खड्डा मधल्या कोऱ्या जागेत बसवला.
कटर तिथून उचललेला जातो.
अडखळतो हवेत, खाली काही उमटत नाही.

गोंधळेकरांनी पाटी उजेडात धरली.
'ळ'वरून अंगठा फिरवला, दोनदा.
मग विचारलं,
मध्ये एवढी जागा का सोडलीय?

म्हटलं, तिथे भिवंडी आहे.

ते हसले नाहीत.
पैसे मात्र पूर्ण दिले.